भावाने तपासलेला शेवटचा फिल्टर

माझ्या गाडीत नेहमी गलोंडा गावातल्या कारखान्यातला ऑइल फिल्टर असे. गाडीच्या कंपनीच्या ओरिजिनलपेक्षा तो स्वस्त पडे, पण कारण ते नव्हतं. थोरला भाऊ तिथे तपासणीवर होता. आतली रबरी चकती कडक असेल, तर उभ्या गाडीत तेल खाली उतरतं आणि सुरू करताना इंजिन कोरडं खडखडतं. म्हणून माझ्यासाठीचा फिल्टर तो स्वतः चकती दाबून बघायचा आणि त्यावर मार्करने पुढच्या बदलाचे किलोमीटर लिहून द्यायचा.

तो वारला, तेव्हा त्याचा शेवटचा फिल्टर गाडीत होता. त्याने लिहिलेला आकडा भरल्यावर मी सिल्वासाच्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने तसाच फिल्टर पुढे केला.

"शेठ, तुमच्या भावाच्याच कंपनीचा."

मी चकती दाबली. ती नरम की कडक, मला कळेना.

"ओरिजिनल टाका."

"आता भरोसा नाय काय?"

"बघणारा राहिला नाही."

मेकॅनिक जुना फिल्टर काढून भंगाराच्या पिंपाकडे निघाला, तेव्हा मी हात पुढे केला.

तो फिल्टर डिकीत आहे. खानवेलच्या वळणावर गडगडतो, आणि मागे कुणी बसलंय असं वाटून मी आरशात बघतो.