द्राक्षाची काकवी

माझी मुलगी फ्रान्समध्ये आहे, हे मी अंबाजोगाईत कुणी न विचारता सांगतो. भाजीवाल्याला तर दोनदा सांगून झालंय. ती तिथल्या वाइनच्या मळ्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, ही भर माझ्या पदरची. खरं तर ती द्राक्षतोडणीला जाते. वाइन शिकायची तर आधी तोडणी करायची, असा त्या मळ्याचा कायदा आहे म्हणे.

आईपासून तर मी हे लपवूनच ठेवलं होतं. तिनं जन्मभर ऊस तोडला, म्हणून मी मास्तर झालो. नातही तोडणीलाच लागली हे कळलं, तर ती खचेल अशी मला धास्ती होती. आणि माझ्या मास्तरकीची शान जाईल ती वेगळीच.

यंदा तोडणी संपवून पोरगी घरी आली, ती त्या मळ्याची बाटली घेऊन. आत सोनेरी, गोड वाइन. म्हणाली, द्राक्षं वेलावरच बुरशी धरून सुरकुतेपर्यंत ठेवतात, मग एकेक मणी निवडून तोडतात.

"म्हणजे सडकी?" मी विचारलं. शाळेत विज्ञान शिकवतो मी, बरं का!

"अप्पा, बुरशीनं पाणी उडून जातं, गोडी राहते."

आईपुढं दारू म्हणायची माझी छाती होईना. "द्राक्षाची काकवी हाय," असं सांगून मी मोकळा झालो. नात आली म्हणून आईनं पुरण घातलं होतं. जेवायला बसतो तर काय, बूच काढून ठेवलेली ती बाटली आईनं गुळवणीसारखी पोळीवर ओतलेली! वर मिटक्या मारत म्हणते, "लई ग्वाड हाय की!"

"आज्जे, दारू हाय ती!" पोरगी ओरडली. मग सगळंच बाहेर आलं. मळा, चिखल, कात्री, तोडणी. मी मान खाली घालून भात कालवत बसलो.

आईचा घास थांबला. तिनं नातीचा हात ओढून घेतला, बोटांवरचे घट्टे चाचपले.

"तितं दुपारी बसून जेवू देत्यात का गं?"

"हो आज्जे. मालकपण आमच्याच टेबलावर जेवतो."

"तुमच्यासंगं?"

"आमच्यासंगं."

"आमी उसाच्या फडात हुब्यानंच खायचो," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि बाटली माझ्याकडं सरकवली.

"घे की. का म्हून लाजतो? लेकीच्या कष्टाचं हाय."