घाटकोपरचे मूग

आमच्या साकीनाक्याच्या स्विचच्या कारखान्यात डबे उघडले की भाजीच्या आधी किस्से बाहेर पडायचे. आज सांगताना हसून हसून पुरेवाट होते, पण यातले बरेचसे घडले तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती! आमची शालू टायफॉईडने पडली, त्या श्रावणातले तर सगळेच.

बेंचवर आम्ही तिघी शेजारी. मी मंदा, शालू आणि कमल. शालू आणि मी विक्रोळीच्या एकाच चाळीत, कमल घाटकोपरची. शालूचा नवरा बोटीवर, घरी फक्त सासू. मालवणकडची. तिला सगळे ‘आये’ म्हणायचे.

*

बारा दिवस झाले तरी ताप हटेना, पोटात काही ठरेना. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर चाळीत येऊन तपासून गेले. जाताना आयेला म्हणाले, “काही नाही तर निदान सूप द्या. पुढच्या सोमवारपर्यंत पोटात काही राहिलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल.”

मी संध्याकाळी गेले, तर आये दारातच पेटलेली.

“डॉक्टर येडो आसा काय गो? हिका उभ्यान रवाक जमणा नाय, आणि म्हणता सूप दी! ती काय आता तांदूळ पाखडतली?”

आणि खरंच, तांदूळ पाखडायचं सूप शालूच्या उशाशी आणून ठेवलेलं! मला हसू आलं आणि शालूकडे बघितल्यावर गेलं. ओठ पांढरे पडले होते गं तिचे.

*

खरं सूप कसं असतं ते आम्हाला तरी कुठे ठाऊक? ऑफिसात टायपिंगला डिसूझा मॅडम होत्या, त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, “फीवरला चिकन नूडल सूप. माझी मम्मी तेच द्यायची. कोंबडी, मिरी, मीठ, आणि नूडल्स. मसाला नो!”

कमलने लिहून घेतलं. नूडल्सच्या जागी ‘शेवया’ लिहिलं.

पण श्रावण! आयेच्या घरात श्रावणात अंडं फुटत नव्हतं, तिथे कोंबडी कुठली शिजणार? कमलकडे श्रावणबिवण पाळत नसत. ती म्हणाली, “मी सकाळी शिजवते. मॅडमच्या थर्मासातून आणते, तू संध्याकाळी ने. आयेला सांग, मुगाचं कढण आहे.”

“आणि कळलं तर?”

“तर तू चाळ सोड,” कमल म्हणाली. मैत्रीण म्हणतात ती अशी!

*

पहिल्या दिवशी थर्मास घेऊन शालूकडे पोचले. वाटीवर उलटा केला. एक थेंब येईना! दिवसभरात शेवयांनी सगळं पाणी पिऊन आत गच्च बूच मारलं होतं. हलवलं, आपटलं, चमच्याच्या दांड्याने टोकरलं. पर्समध्ये कामावरचा स्क्रूड्रायव्हर चुकून आला होता. तो धुतला आणि घातला आत.

‘टिक्’!

काच गेली. सगळं मोरीत ओतावं लागलं. शालू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “जाऊ दे गं मंदे, मला तसंही नको होतं.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी कपाळाला हात लावला, मग फुटक्या थर्मासकडे पाहिलं. “नूडल्स शेवटी घालायचे, मॅन! खाताना!”

आणि स्वतःच्या घरून दुसरा थर्मास आणून दिला.

*

मग शेवया वेगळ्या, पाणी वेगळं. शालूने चार चमचे घेतले, राहिले! दुसऱ्या दिवशी सहा. मी खुशीत. तिसऱ्या दिवशी वाटी आयेने हातात घेतली. चमचा फिरवला. तळातून काहीतरी वर आलं. तिने ते दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं.

“मंदा, तुमच्या मुगाक हाडां आसतत काय गो?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “घाटकोपरचे मूग आहेत, आये!”

आयेने वाटी बाजूला सारली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी थर्मास उचलला आणि पळाले. कमलला सांगितलं, “वाट लागली! उद्यापासून आणू नकोस.”

*

पुढचे दोन दिवस सूप नाही. ताप पुन्हा चढला. मला झोप नाही, जेवण नाही. आपण लपवालपवी केली म्हणून हिचं तोंडाशी आलेलं गेलं, हेच डोक्यात. शनिवारी मी खाडा केला आणि सकाळीच शालूकडे गेले.

शालू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर वाडगा, रिकामा! तळाला तांदळाच्या शिरवाळ्यांचे दोन तुकडे. कोकणात साच्यातून दाबून काढतात ना शेवया, त्या.

“सगळं प्यायले,” शालू म्हणाली. “राहिलं पण.”

आये पाठमोरी, स्टोव्ह पुसत होती. मी तशीच धावत वाण्याच्या दुकानात गेले आणि कारखान्यात फोन लावला. फोन सुपरवायझरच्या टेबलावर. रमणीकभाई. मराठी शिकल्याचा भारी अभिमान! रोज सुट्टीची घंटा झाली की म्हणायचे, “चला, आजचं सूप वाजलं!”

मी ओरडले, “कमलला सांगा, शालूचं सूप संपलं!”

मागे मशीनचा खडखडाट. रमणीकभाईंनी तिथूनच हाक मारली, “कमलबेन! मंदाबेनचा फोन! शालूचं सूप वाजलं!”

तासाभरात चाळीच्या जिन्यावर रडारड ऐकू आली. पुढे कमल, हातात हार. मागे डिसूझा मॅडम, चार पोरी आणि मान खाली घालून रमणीकभाई. कमलने आयेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

आतून बारीक आवाज आला, “कमे, हार कोणाला गं?”

रमणीकभाई पुटपुटले, “मी तर संपलं एवढंच सांगितलं...”

कमल दारातच मटकन बसली. रडू थांबेना, हसू आवरेना. आयेने तिच्या हातातला हार घेतला. आत जाऊन देवाच्या फोटोला घातला, दिवा लावला, पदर सारखा केला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं,

“बा देवा म्हाराजा! तुझ्या श्रावणात मियां ह्या घरात कोंबडी शिजयलंय. सुनेसाठी शिजयलंय. काय चूक झाली आसात, तर ती माझ्या पदरात घाल. पण ह्या पोरीक उठवून बसय, आणि त्या घाटकोपरच्या मुगावाल्या पोरीक सुखी ठेव रे म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी साथ द्यायची असते. कमलला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तरी सगळ्यांत आधी तीच ओरडली,

“व्हय म्हाराजा!”