आमिषाचा नेम

सातपूरच्या कारखान्यात सावळीराम लेथवर होता. फिरत्या लोखंडावरून केसाएवढा कीस जास्त निघाला तरी त्याच्या बोटाला कळायचं. मोजमापाची पट्टी तो नंतर लावायचा, साहेबाच्या समाधानासाठी. हीच बोटं सुट्टीच्या दिवशी गळाच्या दोरीवर ठेवून तो गंगापूर धरणाच्या फुगवट्याशी बसायचा, आणि पाण्याखाली मासा नुसता आमिष हुंगून गेला तरी त्याला ते समजायचं.

हा नाद त्याला बापाकडून आला. निफाडच्या अंगाला गोदेच्या काठी त्यांचं गाव. गावाचं पाणी भरायचं वरच्या अंगाला, गुरं धुवायची त्याच्या खाली, आणि सगळ्यात खाली सावळीरामच्या वस्तीचा उतार. वस्ती पुढे बौद्ध झाली, पण उतार होता तिथंच राहिला. बाप गेणू तिथं सुई वाकवून केलेला गळ टाकून बसायचा. तो म्हणायचा, "पाणी वरच्यांचं उष्टं होऊन खाली येतं. मासा मात्र खालून वर जातो. त्याला कोनी अडवत नाय." सावळीरामनं हे वाक्य आयुष्यभर जपलं. बाप गेल्यावर तो तांत्रिक शाळेत शिकला, सातपूरला नोकरीला लागला, दोन खोल्या घेतल्या, लंकाबाईशी लग्न केलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली आणि त्यांच्याखाली, खिळ्याला, गळाची काठी.

बहात्तरच्या दुष्काळात धरणाचं पाणी पार आत गेलं होतं. काठाचे दोन सपाट खडक तेव्हा पार बुडापर्यंत उघडे पडले. एका खडकावर रंगनाथ बसलेला असायचा. धरणाजवळच्या गावचा शेतकरी, सावळीरामहून चार वर्षांनी मोठा, अंगानं आडवा, बोलायला कमी. एक दिवस त्याचा गळ माशासकट तुटून गेला. सावळीरामनं आपल्या पेटीतला गळ काढून खडकावर ठेवला. तार तापवून, पाण्यात बुडवून कडक करून त्यानं तो स्वतः घडवला होता.

रंगनाथनं गळ उचलून उन्हात धरला. "कुठून आनला?"

"मीच केला."

"तू? लोहार हाय का?"

"लेथवर हाय. लोहारासारखं ठोकत नाय, कातून काढतो."

"बरं कातलंय," रंगनाथ म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. त्या दिवसापासून दुसरा खडक सावळीरामचा झाला.

नेम रंगनाथनं सांगितला, तो तिसऱ्या की चौथ्या भेटीत. सावळीरामनं आपल्या डब्यातली कणीक पुढं केली होती. बडीशेप भाजून, कुटून, गुळाच्या पाण्यात मळलेली. रंगनाथनं हात मागं घेतला.

"दुसऱ्याच्या आमिषाला हात लावायचा नाय. मासा हाताचा वास वळखतो. दोन हातांचा वास लागला की फिरकत नाय. भाकरीचंही तसंच. मसाला बोटाला लागतो, बोटाचा आमिषाला. ज्यानं त्यानं आपलं खावं, आपलं मळावं."

सावळीरामला हे पटलं. कारखान्यात त्याची हत्यारं दुसऱ्यानं हाताळलेली त्याला चालत नसत. जाणत्या माणसाचा असा काहीतरी नेम असतोच. मग दोघं आपापल्या खडकावर, एकमेकांकडे अर्धी पाठ करून जेवायचे. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे. सावळीराम हा नेम इतक्या अभिमानानं पाळू लागला, की कारखान्यातला कोणी हौशी त्याच्याबरोबर आला तर त्यालाही दटावायचा, "माझ्या कनकेला हात नको."

लंकाबाईनं हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"नेम माशांचा हाय का मानसांचा?"

"तुला काय कळतं मासेमारीतलं?"

"मासेमारीतलं नाय कळत," ती म्हणाली. "बाकीचं कळतं."

सावळीराम चिडला. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. पण तो प्रश्न खड्यासारखा त्याच्या मनात राहिला. रंगनाथला तो जिवाभावाचा मानत होता. आयुष्यात गावाकडचा, वरच्या अंगाचा असा एकच माणूस त्याच्या शेजारी बसला होता. तो त्याला बरोबरीचा मानतो की नाही, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेच विचारायचं त्याचं धाडस नव्हतं.

शहात्तरच्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरून सावळीराम खोल पाण्यात गेला. रंगनाथनं काठी टाकली, पालथा पडून त्याचं मनगट धरलं आणि वर ओढलं. त्या ओढण्यात रंगनाथची कोपरं सोलून निघाली. घरी आल्यावर सावळीरामनं बायकोला मनगटावरचे वळ दाखवले.

"बघ. धरला ना त्यानं हात?"

लंकाबाईनं वळांना हळद लावली. "धरला. देव भलं करो त्याचं," ती म्हणाली.

पहिल्या भेटीपासून नऊ वर्षं होत आली. सावळीरामनं नायलॉनच्या तुकड्यातून एक चरखी कातून रंगनाथला दिली, दोरी सरसर सुटावी आणि गुंता होऊ नये म्हणून. रंगनाथ द्राक्षाच्या दिवसांत घडांची पाटी सायकलला बांधून द्यायचा. द्राक्षं सावळीरामच्या घरी यायची. रंगनाथ कधी आला नाही. बोलावलं की म्हणायचा, "येऊ की. वेळ कुठं हाय?"

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात यादव आला. टपाल वाटणारा, रंगनाथच्याच भावकीतला, नव्यानं या भागात बदली होऊन आलेला. अखंड बोलणारा, गळ टाकण्यात कच्चा. तो दोन खडकांच्या मधल्या मातीत बसला. थोड्या वेळानं रंगनाथची कणीक संपली, तसा त्यानं यादवच्या डब्यात सरळ हात घातला, गोळी तोडली आणि गळाला लावली. मग यादवनं फडकं सोडलं. रंगनाथनं त्यातली भाकरी मोडून घेतली, त्याच बोटांनी.

सावळीरामच्या बोटाखाली दोरी थरथरत होती. मासा लागला होता. त्यानं ओढलं नाही.

"ओ सावळीराम, ओढा की," यादव म्हणाला. "गेला बघा. झोपले का?"

सावळीराम रंगनाथकडे बघत होता. "आन् नेम, रंगनाथभाऊ?"

"कसला नेम?" यादवनं विचारलं.

"दुसऱ्याच्या आमिषाला हात लावायचा नाय. वासाचा."

यादव मोकळेपणानं हसला. "असला नेम मी पयल्यांदा ऐकतोय. आमच्याकडं एका डब्यातनं चौघं आमिष घेतात. मासं बी खातात, मानसं बी खातात. कोनी शिकवला हो तुम्हाला?"

यादवचं हसू हळूहळू विरलं. त्यानं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपलं फडकं उगाच नीट केलं.

रंगनाथच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. तो खाईना आणि खालीही ठेवीना.

"नऊ वर्षं," सावळीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नऊ वर्षं मी तो नेम पाळला. लोकांना शिकवला. माझ्याच मानसांचा हात मी माझ्या डब्यापासून झिडकारला. मला सरळ सांगितलं असतं तर मी तवाच उठलो असतो, एवढंच झालं असतं."

"घरात आई हाय," रंगनाथ खालच्या मानेनं म्हणाला. "ठमाबाईच्या लेकानं कुठं खाल्लं ते गावाला आधी कळतं."

"तुमची आई मला काय समजते ते मला ठाऊक हाय. तुम्ही काय समजता, ते मी नऊ वर्षं हुडकत होतो."

त्यानं दोरी गुंडाळली, डबा बांधला आणि सायकल घेऊन गेला. घरी पोचल्यावर काठी खिळ्याला अडकवून तो बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. लंकाबाईनं ओळखलं. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि स्वतःचंही त्याच्या शेजारी वाढून घेतलं.

मासेमारी सोडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या सुट्टीत तो फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसला. तिथं खडक नव्हता, मुरमाड उतार होता. समोर, पाण्यापलीकडे, रंगनाथ हाताच्या बोटाएवढा दिसायचा. त्याच्या शेजारचा खडक रिकामा असायचा. यादवला त्यानं तिथं बसू दिलं नाही म्हणे. असे दोन पावसाळे गेले. दोघं एकाच पाण्यात गळ टाकत होते. कधी एकाच्या हाती मोठा रोहू लागला की दुसऱ्याला पलीकडून पाणी उसळलेलं दिसायचं, आणि दोघांपैकी कोणीही हात वर करायचं नाही.

त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात एका सकाळी समोरचे दोन्ही खडक रिकामे दिसले. सावळीराम अस्वस्थ झाला. ऊन डोक्यावर येता येता मागच्या टेकाडावरून पावलं वाजली. फुगवट्याला वळसा घालून रंगनाथ चालत आला होता. ती वाट तीन कोसांची. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. खांद्यावर काठी, काठीला तीच चरखी.

तो जरा अंतरावर टेकला. दम खाल्ला. मग म्हणाला, "कनीक आनली नाय. तुझ्यातली दे."

सावळीरामनं डबा हलवला नाही. "इथं नको. इथं आपन दोघंच. पान्याला काय कळतं? माझ्या घरी या. दुपारचं या, लोक दारात बसलेले असताना. गल्लीतून चालत या."

रंगनाथ पाण्याकडे बघत राहिला. "आई अजून हाय."

"असू द्या. दीर्घायुषी होवो."

रंगनाथ उठला आणि आल्या वाटेनं तीन कोस परत गेला.

पुढच्या सुट्टीत रंगनाथ काठावरही आला नाही, घरीही आला नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीला सावळीराम धरणावर गेलाच नाही, दार उघडं ठेवून घरीच बसला. लंकाबाईला कारण ठाऊक होतं. तिनं बाजारातून रोहू आणला, खोबरं भाजलं. दुपारी गल्ली भरली होती. नळावर बायका, कट्ट्यावर पाळीवरून सुटलेले कामगार. त्या सगळ्यांच्या मधून रंगनाथ आला, पांढरी टोपी घालून, लग्नाला आल्यासारखा. सावळीरामचं घर त्यानं तीन ठिकाणी मोठ्यानं विचारलं. दुसऱ्या माणसानंच घर दाखवलं होतं, तरी तिसऱ्याला विचारलं.

दारात त्यानं वहाणा काढल्या. तसबिरींकडे पाहिलं. त्यांच्याखालची काठी त्यानं ओळखली, ती कालपर्यंत त्याच्या शेजारी टेकलेली असावी तशी.

"बसा, दादा," लंकाबाई म्हणाली. "लय उशीर केला."

"झाला खरा, वहिनी."

तिनं वाढलं. पहिला घास त्यानं हातात धरला. सावळीरामनं नजर दुसरीकडे वळवली. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपण त्याच्या काठीकडे बघत नाही, तसं. रंगनाथ जेवला. काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावले. पाणी प्यायला, सावळीरामच्याच तांब्यातून.

"गावात बोलनं होईल," सावळीराम म्हणाला.

"झालंय. निघतानाच सांगून आलोय आईला."

"काय म्हनाली?"

"तिची चूल वेगळी केली तिनं." तो थोडा थांबला. "दोन खोल्या हायेत. चालेल."

सावळीरामनं तांब्या पुन्हा भरून त्याच्यापुढं ठेवला. रंगनाथला जी किंमत द्यायची होती ती त्यानं दिली होती, आणि ती हलकी करणं सावळीरामचं काम नव्हतं.

सावळीराम जुन्या खडकावर परत गेला नाही. मुरमाड उतारच त्याचा राहिला. सुट्टीच्या दिवशी रंगनाथ अंधार फिटता फिटता निघायचा, वळसा घालून यायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. डबा मध्ये असायचा. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून कणीक मळली, आणि त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत एकही मासा लागला नाही. दोरीला तरंगायला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर जराही हलली नाही.

"म्हटलं नव्हतं," रंगनाथ शेवटी म्हणाला, "दोन हातांचा वास लागतो."

सावळीरामनं डबा त्याच्याकडे सरकवला. "लागू द्या," तो म्हणाला. "आजून एक गोळी लावा."