मला साखर हाय

ईट गावात आमच्या घरासमोर दूध सोसायटी होती. दुष्काळातही तिथं सकाळी रांग लागायची. लहानपणी पाय गेलेले एक गृहस्थ तळहातांवर चालत दूध घालायला यायचे, अन् आले की दोन्ही तळहात उन्हात धरून निरखायचे. नाव विचारायची माझी टाप नव्हती. मी नवी नवरी, अकलेनं ओसंडलेली. एकदा दया येऊन रेशनच्या साखरेचा चहा त्यांच्यापुढं केला.

"नको वैनी, मला साखर हाय."

मला वाटलं, गडी श्रीमंती मिरवतोय. म्हटलं, "मग वाटीभर आमालाबी द्या की."

आख्खी रांग हसली, ते स्वतः सगळ्यांत जास्त. "रक्तात हाय वैनी, काढू कशी? डॉक्टर म्हणतो, बसून बसून वाढली. आता हाताला जखम झाली तर लवकर भरायची न्हाय, मग माझं चालणंच बंद. म्हणून बघतो." मी ओशाळले, तसं म्हणाले, "माझं बरं हाय. माझे तळपाय डोळ्यापुढं असतात. तुमी तुमचे कधी बघितले?"

आता मलाही साखर हाय. रोज सकाळी आरसा खाली ठेवून तळपाय बघते.

नातसून हसते, "आजी, या वयात आरशात काय बघता?"

"पाय बघते गं. तोंड तरुणपणी लई बघितलं, तिथं काय सापडलं न्हाय."