स्वयंपाकघरावरचे कवेलू

परवा दुपारी गोंदियात गारा पडल्या आणि आमच्या गच्चीवरच्या शेडचे प्लास्टिकचे पत्रे चाळणीसारखे झाले. तेव्हापासून मुलगा मोबाईलवर मजबूत पत्रे शोधतोय. जाडी काय, गॅरंटी किती, गार पडली तर टिकेल का... मला मात्र सारखी माझ्या बाबांची आठवण येतेय. असंच छप्पर निवडताना त्यांची फार पंचाईत झाली होती.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही केशोरीजवळच्या एका खेड्यात राहत होतो. धानाची शेती, मातीचं घर आणि वर कवेलू, म्हणजे हाताने थापलेली मातीची कौलं. माकडं नाचायची, वारा सुटायचा, कवेलू सरकायचे. म्हणून दर उन्हाळ्यात सगळे उतरवून, फुटके काढून, पुन्हा रांगेत बसवावे लागत. त्याला आमच्याकडे कवेलू फेरणं म्हणतात.

आमच्या घरी हे काम फागूमामाचं. मामा मायचा धाकटा भाऊ, राहायचा तिकडे सालेकशाच्या जंगलाजवळ. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की दोन रेल्वेगाड्या बदलून अर्जुनीला उतरायचा आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीने आमच्याकडे. आईवडील दोघेही गेलेले, त्यामुळे मायचं माहेर म्हणजे हा एकटा मामा.

पण स्वभाव भारी ताठ. बहिणीच्या घरी बिनकामाचं बसून खायचं नाही, हा त्याचा नेम. दिवाळीत धानाची कापणी असायची, भाऊबीजही हुकायची. कवेलू फेरायला म्हणून आठवडाभर यायचा, तेवढीच काय ती भावाबहिणीची भेट... ते दिवस माय नुसती हसत असायची.

एका वर्षी होळीनंतर भयंकर गारा पडल्या. मायने मला बाजेखाली ढकललं, पण मी डोकं बाहेर काढलंच. वरून फुटक्या कवेलूचा तुकडा आला आणि माझं कपाळ फुटलं. मायने हळद दाबली. बाबा माझ्याकडे बघत भिंतीला टेकून उभे होते.

"आता कवेलू नाही. टिना टाकतो," बाबा म्हणाले.

"उनात भाजून निघू आपन," माय म्हणाली.

"वरून धानाचं तनस टाकू."

"पानी आलं का टिनाखाली बोललेलं आयकाले येत नाही म्हंतात."

"मंग तर बरंच हाय!" बाबा हसले. माय हसली नाही. त्या दिवशी भातात मीठ नव्हतं आणि बाबांनी मुकाट्याने खाल्लं.

काही दिवसांनी बाबा बैलगाडीत टिनाचे पत्रे घेऊन आले. चकाचक पत्रे बघायला अर्धं गाव जमलं. शेजारचे सदूकाका पत्र्यावर बोटं वाजवत म्हणाले, "बरं झालं भाऊ. आता साळ्याले बोलवाचं कामच नाही रायलं."

माय उठली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. बाबा दोर सोडत होते. त्यांचा हात तिथेच थांबला... इतके दिवस ती ऊन आणि आवाज का सांगत होती, ते त्यांना आत्ता उमगलं.

दुसऱ्या दिवशी पत्रे चढले. आम्ही झोपायचो त्या घरावर चढले, ओसरीवर चढले. उरलेले बाबांनी गोठ्यावर टाकले! स्वयंपाकघरावर मात्र कुंभाराकडून नवे कवेलू आणून बसवायचे ठरले. कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, "चुलीचा धूर निघाले पायजे ना." आभाळ गडगडलं की माझ्यासकट सगळ्यांनी चूल सोडून टिनाखाली यायचं, हा कायदाही त्यांनीच केला. गाव म्हणायचं, "बैलाले टिना अन् बायकोले कवेलू!" आणि सगळ्यात जास्त मायच हसायची.

त्या उन्हाळ्यात मामा आला. एवढंसं छप्पर, त्याने सकाळी हात घातला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलं. खाली उतरला तेव्हा चेहरा पडलेला.

"झालं, भाऊजी. उद्या निघतो म्हंतो."

बाबा अंगणात गेले. मान तिरपी करून बराच वेळ वर बघत राहिले.

"कायचं झालं? रांग वाकडी हाय. उतरव सारे, पुन्हा फेर."

"कोठं वाकडी हाय, जी?" मामा चिडला. कवेलू बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. मग बाबांना दुसरीच रांग वाकडी दिसली. असा तो आठवडाभर राहिला... आणि पुढे दर वर्षी हेच. मामा कुरकुरायचा, बाबा खोड काढायचे, माय त्या दोघांना वाढायची.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा येईल की नाही, असं मला वाटत होतं. आता त्याचं काम बघणारं कोणीच नव्हतं. पण आला. सकाळी वर चढला, दुपारी उतरला. अंगणात बाबा उभे राहायचे त्याच जागी जाऊन, मान तिरपी करून वर बघत राहिला.

"बाई," तो मायला म्हणाला, "रांग वाकडी झाली वाटते. उद्या पुन्हा फेरतो."

माय पदर तोंडाला लावून रडली. मामाही रडला.

मुलगा अजून पत्रे शोधतोय. शोधू दे, चांगले मजबूत घेऊ दे... मी कपाळावरच्या खुणेवर हात ठेवून बसलेय. बाबा, तुम्ही मला गारांपासून वाचवलंत आणि मायचं माहेरही वाचवलंत. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.