कातडीच्या रंगाचा हातमोजा

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता. तिथे टॉवर व्हायचा होता. मंदी आली, कंत्राटदार गाशा गुंडाळून गेला आणि मैदान आमचं झालं. दर शुक्रवारी सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं खाली उतरायचो. टेनिस बॉल, एक बॅट, स्टंपांच्या जागी पाण्याचा मोठा कॅन आणि पुण्या-मुंबईच्या गल्लीतून जसाच्या तसा आणलेला कायदा: एक टप्पा आउट.

या कायद्यामुळेच अमेरिकन काका आम्हाला मिळाले. ते आमच्याच मजल्यावर राहायचे. बायको शाळेत शिकवायची आणि हे रिटायर्ड, दिवसभर रिकामे. एकदा कठड्यापाशी उभे राहून आमचा खेळ बघत होते. माझ्या नवऱ्यानं मारलेला बॉल एका टप्प्यावर कुणीतरी पकडला आणि आमची लेक ओरडली, "बाबा, वन टप्पा! यू आर आउट!" काका धावतच आले. हा नियम तुमच्याकडे कसा, म्हणे. त्यांच्या बेसबॉलमध्ये पणजोबांच्या काळी हाच नियम होता. पुढे लोकांना तो पोरकट वाटला आणि त्यांनी काढून टाकला. आम्ही पोरकटच राहिल्याचा काकांना इतका आनंद झाला की त्या दिवसापासून ते आमचे कायमचे अंपायर झाले.

घडीची खुर्ची टाकून बसायचे, माझा आल्याचा चहा प्यायचे आणि मध्येच जुन्या बेसबॉलच्या गोष्टी सुरू करायचे. खेळायचे पगार मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेव्हाच्या गोष्टी. त्या काळी बॅट्समनला अदबीनं विचारायचे म्हणे, चेंडू कसा हवा, वर की खाली? "असा बॉस पाहिजे," माझा नवरा म्हणाला. गावोगाव फिरून सगळ्यांना हरवणारा आणि अख्खा मोसम एकही सामना न हरलेला एक संघ होता. एक बोलर होता. काका 'पिचर' म्हणायचे, पण आमच्यापुढे त्यांनी हात टेकले होते. त्याचा जोडीदार संघ सोडून गेला, तेव्हा हा एकटाच जवळजवळ रोज टाकत राहिला. सकाळी केस विंचरायलाही हात वर जायचा नाही. या गोष्टीला आमचे पुरुष फार हसले. कपातीनंतर सगळ्यांच्याच ऑफिसात एकेक माणूस तिघांचं काम ओढत होता.

माझा नवराही हसला. त्याची तर नोकरीच गेली होती.

तो बांधकाम कंपनीत इंजिनियर. सकाळी एचआरनं बोलावलं आणि दुपारी साहेब खोकं घेऊन घरी. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. आमच्या शुक्रवारच्या मंडळीतलाच एकजण खोर फक्कानच्या बंदरात कामाला होता. तिथे इंजिनियर हवेत, असं तो येता-जाता सांगायचा. त्याच्यापाशी एक शब्द टाकायचा होता. तेवढाच शब्द माझ्या नवऱ्याच्या तोंडून फुटेना. "कुणाला बोलू नकोस हं," मलाही बजावलं होतं. "लोक कीव करतील." वर शुक्रवारी मुद्दाम उशिरा खाली यायचा आणि सांगायचा, "मीटिंग लांबली." सुट्टीच्या दिवशी कसली मीटिंग, हे कुणीच विचारत नव्हतं. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त माया यायची.

महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. कुणीतरी हौसेनं लेदर बॉल आणला होता. नवऱ्यानं एक सणसणीत झेल घेतला आणि तळवा लालबुंद झाला. "लागलं का रे?" सगळ्यांनी विचारलं. "छे, काही नाही," म्हणत त्यानं हात खिशात घातला.

काकांनी ते बघितलं. चहा घेताना ते म्हणाले, आमच्याकडे पूर्वी सगळे उघड्या हातांनीच झेल घ्यायचे. बोटं मोडायची, वाकडी व्हायची, पण हातमोजा घालणं म्हणजे नामर्दपणा. शेवटी एकाला सहन होईना. त्यानं मोजा घातला, पण कातडीच्या रंगाचा निवडला. लोकांना लांबून दिसू नये म्हणून.

"मग? दिसला का?" मी विचारलं.

"दिसला ना. लोक हसले. पण बाकीच्यांचेही हात सुजलेलेच होते. थोड्या वर्षांत सगळेच मोजे घालायला लागले."

नवऱ्यानं खिशातून हात काढला, तळव्याकडे बघितलं आणि एकदम मराठीत म्हणाला, "माझी नोकरी गेलीये. महिना होत आला."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. मग आठव्या मजल्यावरचा आमचा बोलर, बँकेतला, हळूच म्हणाला, "माझीपण. तीन आठवडे झाले." त्याच्या बायकोनं चिवड्याचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी दर शुक्रवारी एकमेकींना "ऑफिस कसं चाललंय यांचं?" असं विचारत होतो.

खोर फक्कानवाला भडकला. "अरे गाढवांनो, पोर्टवर माणसं हवीत म्हणून मी इथे दर आठवड्याला बोंबलतोय, ते कुणासाठी? आज रात्री दोघांचेही सीव्ही पाहिजेत मला. यल्ला, चला!"

"पण मग आपण शुक्रवारीच का खेळतो?" बोलर म्हणाला. "उद्यापासून रोज खेळू की!"

सगळे पोट धरून हसले. माझा नवरा हसता हसता कधी रडायला लागला ते मला कळलंच नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याला बंदरात काम मिळालं, पण ते पुढे. बोलरला नाही मिळालं. तो नाशिकला परत गेला आणि आमची बोलिंग कायमची लंगडी झाली.

पण त्या संध्याकाळनंतरच्या पुढच्याच शुक्रवारी आम्ही सगळे होतो. कुणाचंच काही ठरलेलं नव्हतं. नवरा सगळ्यांच्या आधी खाली उतरला. "काय रे, मीटिंग लवकर संपली?" बोलरनं विचारलं. "मीटिंगच नव्हती," तो म्हणाला आणि बॅट उचलून कॅनपुढे उभा राहिला. काका खुर्चीवरून उठले, टोपी काढली आणि अगदी अदबीनं त्याला विचारलं, चेंडू कसा हवा, वर की खाली?

"कसाही चालेल, काका," नवरा म्हणाला. "मी उभा आहे."