मयताचा सांगावा

आजोबांचे दोन कागद लीड्समधल्या माझ्या घरात, दारातून आत आल्याआल्या दिसतील असे, एका फ्रेममध्ये लावले आहेत. पहिला पलटणीतून सुटल्याचा: ब्रह्मदेशच्या लढाईत होता, वर्तणूक उत्तम. दुसरा त्यांनी परत आल्यावर केलेला अर्ज: मी सरकारचा शिपाई, मला गावच्या वेठीतून मोकळं करा. त्याखाली इनामदाराचा शेरा आहे. हा आमचा राबता माणूस, सोडता येत नाही.

वेठ म्हणजे फुकट राबणं, बापाकडून मुलाकडे आलेलं. दक्षिण साताऱ्यातल्या आमच्या गावात त्यात एक काम मयताचा सांगावा नेण्याचं होतं. इनामदाराच्या घरात कुणी गेलं की आजोबांनी पायी निघायचं, पाहुण्यांच्या गावी जायचं आणि अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. आत कुणी घ्यायचं नाही. शिळी भाकरी वरून टाकायचे. जपान्यांच्या गोळ्यांतून वाचून आलेल्या माणसाच्या नशिबी हे आलं. नशीब कसलं डोंबलाचं, इनामदारानं लिहून दिलं!

त्याच इनामदाराचा नातू लीड्समध्ये होता, माझ्याच वयाचा. दोन हजार सहा-सातची गोष्ट. गाववाला म्हणून मैत्री झाली होती. त्याचे वडील इकडे राहायला आले तेव्हा मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काकांनी चष्मा लावून फ्रेम वाचली, आपल्या वडिलांचं अक्षर ओळखलं आणि खूश झाले.

"अरे, तू आमच्या त्या पलटणवाल्याचा नातू होय! काय चालायचा गडी! आमची आजी गेली तेव्हा तीन गावं करून दिवस मावळायच्या आत परत."

त्यांचा मुलगा हसला. मग काकांनी माझ्या बायकोला मटण झकास झाल्याचं सांगितलं. मी वाढत राहिलो, पण त्या हसण्याचा मी डूख धरला.

त्या हिवाळ्यात काका आजारी पडले आणि हॉस्पिटलमधून परत आलेच नाहीत. एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

"बाबा गेले रे. फ्युनरल फ्रायडेला आहे. तू सगळ्यांना कळवशील का? मराठी मंडळाचे सगळे नंबर तुझ्याकडेच आहेत. आय जस्ट कान्ट फेस इट."

आपण कुणाकडे काय मागतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मला मात्र आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अंगभर आनंद झाला.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या घरच्या मयताचा सांगावा आता आमचं घर नेणार नाही. तूच सांग सगळ्यांना. नंबर घरी येऊन घेऊन जा."

"आर यू सीरियस? माझे बाबा गेलेत."

"म्हणूनच म्हणतोय. आणि आधी मला सांग. फोनवर नाही, दारात उभा राहून."

त्यानं फोन आपटला. पण नंबर हवेच होते, नाहीतर खांदा द्यायलाही माणसं नसती. दुपारी तो आला. आमच्या रस्त्यावर परमिटशिवाय पार्किंग नाही, त्यामुळे गाडी लांब लावून पावसातून चालत आला होता. मी दार उघडलं. "ये आत" ओठांवर आलं, ते गिळलं.

"सांग."

त्यानं माझ्या खांद्यावरून फ्रेमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या वेळी हसला नाही.

"बाबा गेले," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. आजोबांना ओरडून सांगावं लागायचं."

"बाबा गेले!" तो ओरडला. समोरच्या घराचा पडदा हलला. त्याचा आवाज फाटला आणि तो दारातच रडायला लागला.

मी नंबरांचा कागद त्याच्या हातात दिला. मागून बायको धावत आली.

"अहो, भिजलेत ते. आत तरी घ्या त्यांना!"

"सांगावा आणणाऱ्याला आत घेत नाहीत," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.